‘चार्ज’ म्हणजे नक्की काय? बॅटरीपासून सातबाऱ्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मोबाइल चार्जला लाव’, ‘नव्या साहेबांनी चार्ज घेतला’, ‘एक्स्ट्रा चार्ज पडेल’, ‘चार्जशीट दाखल झाली’. एवढं सगळं आपण दिवसभरात सहज बोलून जातो. अडतं ते इंग्रजी बातमी वाचताना किंवा कर्जाच्या कागदावर सही करताना. तिथे हाच शब्द समोर येतो आणि शब्दकोशात बघावं तर वीस-पंचवीस अर्थ एकाखाली एक मांडलेले. त्यातला कुठला घ्यायचा, यावर नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

या शब्दाचा मूळ अर्थ काय?

ओझं लादणं. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा, त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यात माल भरणं. तिथून शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. जहाजातला ‘कार्गो’, उचलून नेण्याचं ‘कॅरी’, दारातली ‘कार’ हे सगळे याच कुळातले. व्यंगचित्राला ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही इथूनच आलं आहे. नाकावर, मिशीवर जरा जास्तच भार टाकलेलं चित्र ते.

मग पैसे, पोलीस, बॅटरी आणि बैल, सगळीकडे एकच शब्द कसा?

प्रत्येक ठिकाणी कुणावर तरी किंवा कशात तरी काहीतरी चढवलेलं असतं. गिऱ्हाइकावर पैशांचा भार, आरोपीवर गुन्ह्याचा, अधिकाऱ्यावर कामाचा, जमिनीवर कर्जाचा. बंदुकीत दारू भरली तर तो चार्ज, भट्टीत कच्चा माल टाकला तर तोही चार्ज. आणि बैल अंगावर येतो तेव्हा सगळं वजन घेऊन येतो.

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, कारण आपणही असंच बोलतो. कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार या सगळ्यांत ‘भार’ आहे. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थसुद्धा एखाद्यावर काहीतरी ठेवणं हाच, आणि सातबाऱ्यावर तर सरळ ‘बोजा’ लिहितात. म्हणून माझं मत असं, की चार्जचे अर्थ पाठ करत बसू नयेत. वाक्यात कुणावर काय लादलंय किंवा कशात काय भरलंय एवढं शोधलं की बहुतेक वेळा काम होतं.

फोनच्या बॅटरीत ‘चार्ज’ भरतो म्हणजे काय भरतो?

अठराव्या शतकात वीज हा एक प्रकारचा द्रव आहे असं मानलं जाई. तो भांड्यात भरायचा, म्हणून चार्ज. बेंजामिन फ्रँकलिननं याच काळात धन आणि ऋण ही नावं रूढ केली. ‘बॅटरी’ हा शब्दही त्यानंच तोफांच्या रांगेवरून विजेच्या उपकरणाला लावला.

द्रवाची कल्पना मागे पडली, शब्द तेवढा राहिला. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकात त्याला विद्युतप्रभार म्हणतात आणि तो कूलॉममध्ये मोजतात. फोनच्या खोक्यावर ५००० मिलिअँपिअर-तास असं लिहिलेलं असतं, ते प्रभाराचंच माप आहे: ५ अँपिअर गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलॉम. फक्त एक लक्षात ठेवा. टाकीत पाणी साठावं तसा हा प्रभार बॅटरीत साठून राहत नाही. एका टोकातून जितका बाहेर पडतो तितकाच दुसऱ्या टोकातून आत येतो. साठते ती रासायनिक ऊर्जा.

‘चार्ज’ आणि ‘रिचार्ज’ यात फरक काय?

इंग्रजीत रिचार्ज म्हणजे रिकामं झालेलं पुन्हा भरणं, मग ती बॅटरी असली तरी. आपल्याकडे वाटणी झाली आहे: वीज भरली तर चार्ज, पैसे भरले तर रिचार्ज. ‘माझा फोन रिचार्ज कर’ हे वाक्य पुण्यात ऐकलं तर कुणी चार्जर शोधणार नाही, पैसे भरण्याचं ॲप उघडेल. लंडनमध्ये मात्र उलटं होऊ शकतं. तिथे प्रीपेड सिममध्ये पैसे भरण्याला ‘टॉप अप’ म्हणतात.

पाणलोटाच्या कामात बोअरवेल रिचार्ज, विहीर रिचार्ज असं म्हणतात, त्याला ‘पुनर्भरण’ हा चांगला मराठी शब्द रुळला आहे. तोच वापरावा.

बिलावरचा ‘चार्ज’ म्हणजे किंमत, फी की कर?

यांतलं काहीच नाही म्हटलं तरी चालेल. वस्तूची ती किंमत, डॉक्टर-वकिलांना किंवा शाळेला दिली जाते ती फी, प्रवासाचं ते भाडं, सरकार कायद्यानं घेतं तो कर. एखादी सेवा दिली किंवा सोय करून दिली म्हणून जे लावलं जातं ते चार्ज. म्हणून डिलिव्हरी चार्ज, पार्किंग चार्ज, मेंटेनन्स चार्ज.

मराठीत याला ‘आकार’ हा शब्द आहे, आणि तो तुमच्या विजेच्या बिलावर दर महिन्याला छापून येतो: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. एकही युनिट न जाळता कुलूपबंद घराला बिल येतं ते स्थिर आकारामुळे. वहन आकार म्हणजे वीज तारांतून तुमच्या घरापर्यंत आणून पोचवल्याचे पैसे. त्याच बिलावरचं वीज शुल्क मात्र राज्य सरकारकडे जातं, तो चार्ज नव्हे. ‘महावितरण लुटतंय’ म्हणण्याआधी कुठली ओळ कुणाची हे बघितलेलं बरं.

हॉटेलात ‘सर्व्हिस चार्ज’ द्यावाच लागतो का?

नाही. तो कर नाही, सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही आणि दुसऱ्या नावानंही वसूल करता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. बिलावर पाच-दहा टक्के लावलेले दिसले तर ‘हे काढून द्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वेटरला खुशीनं काही द्यायचं असेल तर ती टीप, ती त्याच्या हातात द्या. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

बातमीत ‘चार्ज्ड’ लिहिलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

अजिबात नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि त्यात माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे क्रम असा आहे. आधी गुन्हा नोंदवला जातो, म्हणजे एफआयआर. यात फक्त तक्रारदाराचं म्हणणं असतं. मग पोलीस तपास करतात. तपासात पुरावा मिळाला तर ते न्यायालयात अंतिम अहवाल देतात. कायद्याच्या भाषेत तो ‘पोलीस अहवाल’, कोर्टाच्या मराठीत दोषारोपपत्र, पेपरात आरोपपत्र आणि चहाच्या टपरीवर चार्जशीट. इथवर जे झालं ते पोलिसांच्या बाजूनं झालं. त्यानंतर न्यायाधीश कागद बघून, दोन्ही बाजू ऐकून, कुठल्या कलमांखाली खटला चालवायचा ते ठरवतात. याला ‘आरोप निश्चित करणं’ म्हणतात. इंग्रजीत ‘चार्जेस फ्रेम्ड’ लिहितात ते हेच. इथे आरोपीला वाचून दाखवलं जातं आणि गुन्हा कबूल आहे का ते विचारलं जातं. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल हे सगळं अजून पुढेच असतं.

त्यामुळे ‘चार्ज्ड’ म्हणजे आरोप ठेवला गेला. ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरला. मधे कित्येकदा दहा-दहा वर्षं जातात. परदेशी बातमी वाचताना आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये पोलीस किंवा सरकारी अभियोक्ते संशयितावर औपचारिक आरोप ठेवतात तेव्हाच ‘चार्ज्ड’ म्हणतात, नुसती अटक झाली असेल तर म्हणत नाहीत. तिथल्या बातमीचं ‘गुन्हा दाखल’ असं भाषांतर केलं तर ते चुकतं.

साठ दिवस, नव्वद दिवस हे काय असतं?

आरोपी कोठडीत असेल तर तपासाला मुदत असते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० दिवस, बाकीच्यांना ६०. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपीनं जामिनाची तयारी दाखवली, तर जामीन हा त्याचा हक्क ठरतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही मुदत राहिली आहे. काही विशेष कायद्यांत ती जास्त आहे. ‘चार्जशीट वेळेत न आल्यानं सुटला’ या बातमीचा अर्थ निर्दोष सुटला असा नव्हे. खटला चालूच असतो.

कंपनीत कामगाराला ‘चार्जशीट दिली’ म्हणतात, तिथे पोलीस कुठून आले?

पोलिसांचा काही संबंध नाही. गैरवर्तनाबद्दल व्यवस्थापन लेखी आरोप देतं आणि खुलासा मागतं, त्या कागदाला कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या चार्जशीट म्हणतात. सरकारी नोकरीत त्याची विभागीय चौकशी होते. कागद हातात पडला की घाबरून कोऱ्या माफीनाम्यावर सही करू नका. खुलाशाची मुदत बघा आणि युनियनच्या माणसाला नाहीतर वकिलाला दाखवा.

बँकेच्या कागदावर ‘चार्ज ऑन प्रॉपर्टी’ असतं, ती कसली फी?

फी नव्हे. तो बोजा. कर्ज फिटेपर्यंत त्या मालमत्तेतून वसूल करण्याचा बँकेचा हक्क. ‘फर्स्ट चार्ज’ म्हणजे मालमत्ता विकायची वेळ आली तर आधी ह्या बँकेचे पैसे, मग उरले तर दुसऱ्यांचे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण आणि चार्ज यांची कलमं वेगळी आहेत. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे जातो, चार्जमध्ये तसा जात नाही, फक्त वसुलीसाठी ती बांधलेली राहते.

शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सातबारा काढला की ‘इतर हक्क’ या रकान्यात ओळ दिसते: विकास सोसायटीचा इकरार, नाहीतर अमुक बँकेचा बोजा, रुपये इतके, आणि पुढे कंसात किंवा वर्तुळात फेरफार क्रमांक, म्हणजे नोंदीत बदल झाला त्याचा क्रमांक. सोसायटीचं पीककर्ज घेताना जो इकरार लिहून देतात तो सहकार कायद्याखालचा चार्जच.

खरी गोम पुढे आहे. कर्ज फिटलं म्हणून ती ओळ आपोआप जात नाही. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा, बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा, फेरफार मंजूर झाला की नवीन सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. वडिलांनी कधीच फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलांना जमीन विकताना किंवा वाटणी करताना आडवा येतो, असं गावोगाव होतं. घेणाऱ्यानंही हाच रकाना आधी वाचावा.

कंपनी असेल तर हा चार्ज कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो, साधारण मुदत ३० दिवस. आणि कर्ज फिटल्यावर ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ दाखल करतात. इथे सॅटिस्फॅक्शनचा समाधानाशी काही संबंध नाही, बोजा फिटला एवढंच.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ एकच का?

नाही, दिशा उलटी होते. ‘शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलं तिच्या ताब्यात, ती सांभाळते. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ अ नर्स’ म्हणजे मुलं नर्सच्या हवाली. एका ‘द’नं सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. परीक्षेत हमखास विचारतात.

मराठीत ‘इनचार्ज’ हे नामच झालं आहे: इनचार्ज सिस्टर, लॅब इनचार्ज. सरकारी कचेरीत ‘चार्ज देणं-घेणं’ हा तर सोहळाच असतो. दप्तर, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, साठा नोंदवही, रोख शिल्लक, सगळ्याची यादी होते आणि दोघं सह्या करतात. बदली होऊनही ‘अजून चार्ज सोडला नाही’ म्हणजे खुर्ची धरून बसलाय, हे कळायला शब्दकोश लागत नाही. जनगणनेत तर ‘चार्ज’ हे प्रदेशाचंही नाव आहे. तहसीलदार हा त्याच्या तालुक्यातल्या ग्रामीण भागाचा चार्ज अधिकारी असतो.

‘द कोच अँड हिज चार्जेस’ म्हणजे कोचची फी का?

नाही, त्याचे खेळाडू. ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे ती माणसं म्हणजे ‘चार्जेस’. आयाकडची मुलं, शिक्षिकेबरोबर सहलीला निघालेली पोरं यांनाही इंग्रजी लेखक असंच म्हणतात. मराठीत बोलताना हा अर्थ कुणी वापरत नाही, म्हणून वाचताना ठेच लागते.

लाठीचार्ज बरोबर की लाठीमार?

दोन्ही चालतात. लाठीचार्जमधला चार्ज घोडदळाच्या चढाईचा. एका ओळीत वेगानं अंगावर जाणं असा त्याचा अर्थ आहे. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या घोडदळानं मराठा फौजेवर केली ती अशी चढाई. मार नेमका किती बसला हे ‘चार्ज’ सांगत नाही, ‘लाठीमार’ सांगतो, म्हणून मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. पण त्याच्या आधी ‘सौम्य’ लावायची पोलिसांची आणि बातमीदारांची सवय आहे. तो कुणाला सौम्य वाटला हे कधी छापून येत नाही.

क्रिकेटमध्ये फलंदाज क्रीझ सोडून गोलंदाजावर धावून जातो, त्यालाही चार्जच.

एसीत ‘गॅस चार्ज’ करावा लागेल म्हणाला. दरवर्षी लागतो का?

लागू नये. एसीतला किंवा फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायची, मग नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढायची आणि मग गॅस भरायचा. बाहेरच्या युनिटवर चिकटवलेली पट्टी वाचा. तिथे गॅसचं नाव, उदाहरणार्थ आर-३२, आणि पुढे किलोत किंवा ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. तेवढाच त्याचा चार्ज. चांगला मेकॅनिक सिलिंडर काट्यावर ठेवून भरतो. नुसता कॉम्प्रेसरला हात लावून ‘गॅस डाउन आहे’ म्हणणाऱ्याला गळती कुठे आहे ते विचारा.

‘डिस्चार्ज’चा यांच्याशी काय संबंध?

ओझं उतरवणं. दवाखान्यातून पेशंटला सोडलं तरी डिस्चार्ज, बॅटरी उतरली तरी डिस्चार्ज. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या कागदावर असेल तर अंगावरून जाणं. कोर्टात मात्र सांभाळून वाचा. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून सोडलं तर डिस्चार्ज, म्हणजे दोषमुक्त. पूर्ण खटला चालून सुटला तर ॲक्विटल, म्हणजे निर्दोष मुक्तता.

पावसाळ्यात धरणाच्या बातम्यांत डिस्चार्जला ‘विसर्ग’ म्हणतात. खडकवासल्यातून दहा हजार क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी मुठेत. नदीकाठी गाडी लावली असेल तर हा आकडा कळायलाच हवा.

‘चार्ज’पुढे कुठलं शब्दयोगी लावायचं?

गुन्ह्यासाठी ‘विथ’: ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. पैशांसाठी ‘फॉर’: ‘दे चार्ज्ड मी फॉर पार्किंग’. आपल्याकडे ‘चार्ज्ड फॉर मर्डर’ सर्रास लिहितात, त्याचा अर्थ खुनाचे पैसे लावले असा होतो. खात्यावर टाकायचं असेल तर ‘टू’: हॉटेलात ‘चार्ज इट टू माय रूम’. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’. ‘फ्री ऑफ कॉस्ट’ आपल्याकडे फार चालतं, पण बाहेरच्या पत्रव्यवहारात पहिलंच वापरा.

‘रिव्हर्स चार्ज’ म्हणजे पैसे परत?

नाही. जीएसटीत काही व्यवहारांत कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा असतो, तो रिव्हर्स चार्ज. वकिलाची फी देणाऱ्या व्यावसायिकाला हा भरावा लागतो. ब्रिटनमध्ये पूर्वी ज्याला फोन आला त्यानं पैसे भरायची सोय होती, तिलाही हेच नाव.

उच्चार आणि लिंग?

च ‘चार’मधला, ज ‘जिल्हा’मधला. ‘जरा’मधला ज लावला की इंग्रजी कानाला खटकतो. मराठीत चार्ज पुल्लिंगी: चार्ज घेतला, चार्ज संपला. चार्जशीट बहुतेक जण स्त्रीलिंगी करतात, काही नपुंसकलिंगी, आणि दोन्ही कानाला चालतं. पैशांच्या अर्थी आपण ‘चार्जेस’ हे इंग्रजी अनेकवचन तसंच उचललं आहे: ‘तुमचे चार्जेस किती?’ आणि फोन ‘चार्जला’ लावा की ‘चार्जिंगला’, त्यावरून भांडू नका.